दोन-अठ्ठेचाळीसची सावली

सरांना फक्त एक काठी हवी होती. अठरा वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाने पहिल्यांदाच शाळेकडे एक काठी मागावी, आणि ती उभी करायला अकरा सह्या, एक मांडव, एक टेनिसचा चेंडू आणि आठशे मुलं लागावीत, याला काय म्हणायचं, असं सरांनी पुढे बऱ्याच जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. म्हणून झालं ते पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

सर एका इंटरनॅशनल शाळेत इस्लामिक स्टडीज शिकवत. इंटरनॅशनल शाळा म्हणजे जिथे खुर्च्यांना चाकं असतात, फळ्याला कुणी फळा म्हणत नाही, आणि वर्गातून पाच पावलं बाहेर जायचं तरी आधी त्याचं उद्दिष्ट लिहून द्यावं लागतं. प्रत्येक इयत्तेतल्या मुसलमान मुलांना आठवड्यातून दोन तास सरांकडे पाठवलं जाई. वर्ग म्हणून तळमजल्यावरची नमाजाची खोली मिळाली होती. तिच्या एका बाजूला चित्रकलेचा वर्ग होता आणि दुसऱ्या बाजूला मुलांनी हरवलेल्या डब्यांची आणि स्वेटरांची कोठी. एकीकडून रंगाचा वास येई, दुसरीकडून डब्यांचा. मी कधी तक्रार केली नाही, असं सर म्हणत. तक्रारवहीत त्यांच्या सात तक्रारी होत्या, पण त्या वासाबद्दल होत्या, खोलीबद्दल एकही नव्हती.

त्या खोलीत एकच वस्तू सरांची स्वतःची म्हणता येईल अशी होती. छताला लावलेला हिरवा बाण. तो किब्ला दाखवायचा, म्हणजे नमाजाला ज्या दिशेला तोंड करून उभं राहायचं ती काबेची दिशा. नोकरी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात शिपाईमामांनी खालून पाय धरले होते आणि सरांनी वर चढून, होकायंत्र ठेवून, दिशा काढून तो बाण स्वतःच्या हाताने चिकटवला होता. गालिचाही त्याच बाणाच्या रेषेत तिरका अंथरला होता. अठरा वर्षांत शाळेने तीन मुख्याध्यापक बदलले, दोन गणवेश बदलले, शाळेचं बोधवाक्य तर इतक्यांदा बदललं की शेवटी कमानीवर ते खडूने लिहावं की काय असा प्रश्न पडला. बाण हलला नाही. सरांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

त्या मंगळवारी सातवीला किब्ल्याचाच धडा होता. चौदा मुलं. त्यात एक मुलगी होती, जिला सर मनातल्या मनात वकीलीण म्हणत, कारण ती हात वर करायची तेव्हा प्रश्न एक नसे, उलटतपासणी असे. तिने हात वर केला.

"सर, माझा मोबाईल वेगळीच दिशा दाखवतो."

शाळेत मोबाईल आणायला बंदी होती, हे सरांनी आधी सांगितलं. मग तो दप्तरातच राहतो, फक्त आत्ता बाहेर आलाय, हे तिने सांगितलं. मुलं पुढे सरकली. मोबाईलमधला बाण एकीकडे आणि छतावरचा बाण दुसरीकडे, आणि दोन्हींमध्ये चांगली फट होती.

सर हसले. अज्ञानाला क्षमा करणाऱ्या माणसाने हसावं तसं. "बाळ, मोबाईलच्या आत छोटं होकायंत्र असतं. त्याला लोखंड दिसलं की ते भुलतं. आसपास कुठे लोखंड असेल तर ते खरी दिशा सांगत नाही. म्हणून यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नये."

"मग हा बाण कशाने ठरवला, सर?"

"होकायंत्राने."

"ते नाही भुलत?"

वर्ग हसला. एवढ्यात दारातूनही कुणीतरी हसलं. दारात मॉड्यूलबाई उभ्या होत्या. त्या शाळेच्या शैक्षणिक समन्वयक. जगातली कोणतीही गोष्ट टॅबलेटवरच्या स्वयंअध्ययन मॉड्यूलमध्ये बसवता येते अशी त्यांची श्रद्धा होती, म्हणून शिक्षकांच्या खोलीत त्यांना हेच नाव पडलं होतं. त्या नेहमी पाहणीला येत आणि येताना पायांचा आवाज करत नसत.

"छान चर्चा," त्या म्हणाल्या आणि काहीतरी टिपून निघून गेल्या.

गुरुवारी सरांना पत्र आलं. येत्या वर्षापासून हा विषय मुलांनी टॅबलेटवर आपला आपण शिकावा असा प्रस्ताव आहे, आपण संसाधन व्यक्ती म्हणून महिन्यातून एकदा उपलब्ध राहाल, अंतिम निर्णयाआधी आपला एक तास पाहिला जाईल. सर तडक मुख्याध्यापिका मॅडमकडे गेले. मॉड्यूलबाई तिथेच बसल्या होत्या.

"राग मानू नका सर," मॉड्यूलबाई म्हणाल्या, "पण मुलांचा तुमच्या बाणापेक्षा ॲपवर जास्त विश्वास असेल, तर मग आपण ॲपच का ठेवू नये?"

सरांनी राग मानला. संसाधन व्यक्ती. संसाधन म्हणजे पाण्याची टाकी, जनरेटर, कागदाची रिमं. ज्या माणसाने इथल्या मुलांना अलिफपासून शिकवलं, मुलींच्या लग्नांना गेला, एकाच्या तर मुलाचं नाव सुचवलं, तो आता महिन्यातून एकदा उपलब्ध. घरी पोचेपर्यंत ते हे वाक्य चार वेळा मोठ्याने बोलले आणि बसमधल्या एका माणसाने जागा बदलली.

"माझा बाण बरोबर आहे हे मी सिद्ध करणार," त्यांनी दारातच बायकोला सांगितलं. "ॲपच्या बापालाही कबूल करावं लागेल."

"चपला तरी काढा," बायको म्हणाली.

ती आत अस्रच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजासाठी आपली जानमाज, नमाजाची चटई, अंथरत होती आणि नेहमीप्रमाणे वाकडी अंथरत होती. हे घरातलं जुनं दुखणं. सतरा वर्षं या फ्लॅटमध्ये राहूनही तिला जानमाज सरळ घालता येत नसे. गॅलरीच्या दाराजवळ, फरशीवर एक लांब ओरखडा होता, बरोबर त्याच्यावर ती अंथरायची, आणि तीही तिरपी. सर रोज जाता-येता कोपरा धरून ती आपल्या जानमाजेच्या रेषेत आणायचे. ती काही बोलायची नाही. सरांची पाठ वळली की जानमाज पुन्हा तिरपी.

त्या ओरखड्याचंही सरांना वावडं होतं. सामान चढवताना हमालांनी पाडलेला तो ओरखडा, आणि फरशी बदलून द्या म्हणून इमारतीच्या ऑफिसला त्यांनी सतरा वर्षांत नऊ अर्ज केले होते. नववा अर्ज गेल्याच महिन्यात मंजूर झाला. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी गवंडी येणार होता. जगात सत्याचा विजय होतो असं सर त्यावरून म्हणाले होते.

आता त्यांनी बायकोला आपली योजना सांगितली. वर्षातून दोन दिवस असे येतात की सूर्य बरोबर काबेच्या डोक्यावर असतो. त्या मिनिटाला जिथे जिथे ऊन असेल तिथे सरळ काठी उभी करावी. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे पाहिलं की समोर किब्ला. ना होकायंत्र, ना मोबाईल, ना लोखंड. पहिला दिवस, मेमधला, पुढच्याच बुधवारी होता. आपल्याकडच्या घड्याळात दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पुस्तकात वाचलं."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची घडी घातली. मग उठून तिने कपाटातून एक कापडी पुरचुंडी काढली. आत दोरीला बांधलेला पितळी ओळंबा होता, तिच्या वडिलांचा. सुतार होते ते, जाऊन अकरा वर्षं झाली. "काठी ओळंब्यात असेल तरच सावली खरी पडते. अब्बांचा आहे. हरवू नका."

सरांना हा सल्ला थोडा आगाऊ वाटला, पण त्यांनी ओळंबा घेतला.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त इंजिनिअर काका सल्ला द्यायला तेवढ्यात आलेच. भिंती पातळ होत्या. त्यांनी सांगितलं की काठीपेक्षा लेझर बरा, लेझरपेक्षा उपग्रह बरा, आणि खरं म्हणजे बुधवारी ढग येणार. मग मांडीवर ठेवलेली वही उघडून त्यांनी एका पुलाची गोष्ट सांगितली, जो अर्ध्या अंशाने चुकल्यामुळे नदीच्या मधोमध जुळलाच नाही. "तुमचा बाण काय अर्ध्या अंशाने चुकला असेल फार तर," ते म्हणाले. सरांनी चहा विचारला नाही.

शुक्रवारी सरांनी भांडारपालाकडे काठी मागितली.

"कोणत्या प्रकारची?" भांडारपालाने संगणकात पाहिलं. "काठी असा प्रकारच नाही. हॉकी स्टिक आहे."

"सरळ हवी."

"सरळ म्हणजे भालाफेकीचा भाला. त्याला क्रीडाशिक्षकांची सही लागेल, वैद्यकीय खोलीची सही लागेल, आणि धर्मशिक्षणासाठी भाला का हवा, याचं एक छोटं टिपण."

ते टिपण कसं वाचलं जाईल याचा सरांनी क्षणभर विचार केला आणि भाला नको म्हणाले. शेवटी शिपाईमामांनी फरशी पुसायच्या फडक्याचा जुना दांडा दिला. दांडा चांगला होता, लाकडी होता, सरळ होता. पण तो मैदानात न्यायचा तर सेफ्टीसाहेबांचा फॉर्म भरावा लागणार होता.

सेफ्टीसाहेब हे शाळेचे सुरक्षा अधिकारी. गळ्यात शिट्टी, हातात कर्णा, आणि नजर कायम कुठे काही पडेल काय याच्यावर. त्यांनी चार पानी फॉर्म दिला. वस्तूला टोक आहे का? सरांनी लिहिलं, दोन. ही चूक झाली. टोक म्हटल्याबरोबर वरच्या टोकाला टेनिसचा चेंडू बसवण्याची अट आली. मुलं उन्हात किती वेळ राहतील? दहा मिनिटं. मग टोप्या, पालकांची लेखी संमती आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. संमतीपत्र वाचून एका पालकांनी विचारलं की आमच्या मुलाला टोपी घातल्यावर ऊन कमी लागेल, पण टोपीखाली सावली पडेल, ती चालेल का. दुसऱ्या पालकांनी नुसतं लिहिलं, "सावली का? आम्ही फी पूर्ण भरली आहे."

सोमवारी सेफ्टीसाहेब स्वतः सरांना शोधत आले. "सर, मी तोडगा काढला. एवढ्या उन्हात मुलं नकोत. त्या जागेवर आपण मांडव घालू."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. "साहेब, सावलीचा प्रयोग आहे."

"म्हणूनच तर. सावलीच सावली."

सरांनी सूर्य, काठी आणि मांडव यांचा परस्परसंबंध वीस मिनिटं समजावला. सेफ्टीसाहेबांनी शेवटी मोठ्या मनाने मांडवाला मधोमध भोक ठेवायचं कबूल केलं.

फॉर्ममधला सतरावा प्रश्न होता, उपक्रम चालू असताना आग लागल्यास मुलं कुठे जमतील. सर तोवर वैतागले होते. त्यांनी लिहिलं, "मुलं आधीच मैदानात असतील." हे उत्तर वाचून सेफ्टीसाहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, त्याचा अर्थ सरांनी तेव्हाच विचारायला हवा होता.

मंगळवारी मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलं. "सर, दोन-अठ्ठेचाळीस ही वेळ अवघड आहे. दोन पन्नासला बस लागतात. मॉड्यूलबाई साडेदहाला मोकळ्या आहेत. साडेदहाला करता येईल?"

"मॅडम, सूर्य साडेदहाला तिथे पोचलेला नसतो."

"मग शुक्रवारी?"

"पुढचा दिवस थेट जुलैत. तेव्हा शाळेला सुट्टी."

मॅडमनी कॅलेंडरकडे बघून सुस्कारा सोडला. सरांचं काही चुकतंय असं त्या म्हणाल्या नाहीत, पण सूर्याने जरा सहकार्य करायला हरकत नव्हती असा त्यांचा भाव होता. तरी सही केली. ती अकरावी. "मॉड्यूलबाई येतील बघायला. त्यानंतर आपण ठरवू," त्या म्हणाल्या.

म्हणजे बाण बरोबर ठरला तर तास राहणार, चुकला तर सर महिन्यातून एकदा उपलब्ध. सर निर्धास्त होते. त्या आठवड्यात सगळ्या शाळेत निर्धास्त असा तेवढा एकच माणूस होता.

बुधवारी इंजिनिअर काकांचा ढग आला नाही. मधल्या सुट्टीत वकीलिणीने आणि बाकीच्या मुलांनी मोठा कोनमापक घेऊन नमाजाच्या खोलीत गालिच्याचा भिंतीशी होणारा कोन मोजला आणि मैदानात, भिंतीला समांतर असलेल्या बास्केटबॉलच्या रेषेवरून तेवढ्याच कोनाची एक पांढरी रेघ खडूने ओढली. ही सरांची रेघ. तिच्या शेजारी, त्याच बिंदूतून, एक पिवळी रेघ. ती वकीलिणीच्या मोबाईलची. त्या बिंदूवर दांडा उभा केला. त्याच्या डोक्यावर चेंडू, वर मांडव, मांडवाला भोक. दांड्याच्या वरच्या टोकाला बांधून सरांनी सासऱ्यांचा ओळंबा खाली सोडला आणि दांडा त्याच्याशी जुळवला. दोन वाजून बेचाळीस मिनिटं झाली. मॉड्यूलबाई टॅबलेट घेऊन उभ्या होत्या. सरांनी घसा साफ केला.

पावणेतीनला आगीची घंटा वाजली.

सगळ्या शाळेची दारं उघडली आणि वर्गावर्गातून रांगा बाहेर पडू लागल्या. बालवाडी एकमेकांचे शर्ट धरून, दहावी हसत, प्रयोगशाळेतले शिक्षक चष्मे काढायचे विसरून. आगीच्या वेळी जमायची जागा म्हणजे मैदान, आणि मैदानाचा मध्य म्हणजे सरांचा दांडा.

"घाबरू नका, सराव आहे," सेफ्टीसाहेब कर्ण्यातून ओरडले. मग सरांच्या कानाशी येऊन खुशीत म्हणाले, "तुमच्या सतराव्या उत्तरावरून सुचलं. मुलं आधीच मैदानात. म्हटलं, वार्षिक सराव आजच उरकू. कुणाला सांगितलं नाही. सराव गुप्त असतो."

सरांना बोलायचं बरंच होतं, पण दोन सत्तेचाळीस झाले होते. आठशे मुलं वर्तुळ करून उभी राहिली. नेहमी अशा वेळी गोंधळ असतो, पण खाली दोन रंगीत रेघा आणि मध्ये दांडा बघून मुलांना इथे कशाचा तरी निकाल लागणार आहे हे कळलं आणि मैदान शांत झालं. कुणीतरी सेकंद मोजायला लागलं. शेवटचे दहा आकडे सगळ्या शाळेने मोजले.

दोन अठ्ठेचाळीस. भोकातून आलेल्या उन्हात दांड्याची हातभर सावली जमिनीवर पडली होती, टोकाला चेंडूचा गोळा. वकीलिणीने गुडघ्यावर बसून गोळ्याच्या मध्यावर खूण केली, खूण आणि दांडा जोडणारी लाल रेघ ओढली आणि ती पुढे वाढवली.

लाल रेघ पांढऱ्या रेघेवर पडली नाही. पिवळ्या रेघेवरही पडली नाही. दोघींच्या मधून निघून गेली.

सरांच्या मनात आधी आलं ते हे की मोबाईल चुकला. अर्धा सेकंद त्यांना बरंही वाटलं. मग वकीलिणीने कोनमापक लावला.

"सर, माझी नऊ अंशांनी चुकली. तुमची चौदा."

"दांडा नीट बघ."

"ओळंब्याला लागून आहे, सर."

सर वाकले. ओळंबा गप्प लोंबत होता, त्याची दोरी दांड्याला चिकटून होती आणि तिची बारीक सावलीही नेमकी लाल रेघेवर पडली होती. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांच्या वस्तूने असं चारचौघांत वागावं हे सरांना लागलं.

वकीलिणीचा मोबाईल का चुकला ते लगेच कळलं. त्याच्या कव्हरला झाकण मिटायचं लोहचुंबक होतं. तिने ते स्वतःच काढून दाखवलं. सर का चुकले हे शिपाईमामांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज कमी ठेवायची गरज त्यांना वाटली नाही.

"सर, तेव्हा त्या खोलीत परीक्षेचे पेपर ठेवायचं मोठं लोखंडी कपाट होतं बघा. तुम्ही त्याच्यावर चढला होतात. होकायंत्र कपाटावरच ठेवलं होतं. मी खाली पाय धरले होते."

लोखंड दिसलं की यंत्र भुलतं, हे मागच्याच आठवड्यात कोण म्हणालं होतं ते चौदा मुलांना आठवत होतं. आठशेंना कळायला दोन मिनिटं पुरली. मॉड्यूलबाई लिहीत होत्या. सरांना वाटलं, बस येऊ दे, भूकंप येऊ दे, खरी आग लागू दे. यातलं काही झालं नाही. मग त्यांनी सेफ्टीसाहेबांच्या हातातून कर्णा घेतला.

"अठरा वर्षं मी तुम्हाला जी दिशा दाखवली ती चौदा अंशांनी चुकली होती," ते म्हणाले. कर्णा शिट्टी वाजवत होता. "चूक माझी. बाण उद्या बदलेल. सातवीतल्या ज्या मुलीने प्रश्न विचारला तिच्यावर मोबाईल आणल्याबद्दल मी रागावलो होतो. ते रागावणं कायम आहे. पण प्रश्न बरोबर होता."

एका छोट्या मुलाने विचारलं, "मग इतक्या वर्षांच्या नमाजा?"

"मनापासून शोधून तोंड केलं असेल तर चुकलेल्या दिशेचीही नमाज होते."

"पण सर," वकीलीण म्हणाली, "तुम्ही शोधलं होतं की कपाटावर ठेवलं होतं?"

सरांनी कर्णा सेफ्टीसाहेबांना परत दिला. बसची घंटा झाली.

मॅडम नमाजाच्या खोलीत आल्या तेव्हा सर आता कपाट नसलेल्या कोपऱ्याकडे बघत बसले होते. मॉड्यूलबाई मागोमाग आल्या. "मी नोंद केली आहे," त्या म्हणाल्या, "की बाणही चुकला आणि ॲपही."

"आणि हे मुलांनी शोधलं," मॅडम म्हणाल्या. "मॉड्यूलमध्ये हे कुठे बसेल?"

मॉड्यूलबाईंनी टॅबलेटवर वरखाली बघितलं. पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट कुठे बसवायची ते सापडत नव्हतं.

"तास राहू दे," मॅडम म्हणाल्या. "फक्त बाण बदलायला एक फॉर्म भरा सर. छताला हात लावायचा म्हणजे सेफ्टीचा असेल."

तास वाचला होता, तरी सर घरी चिडूनच आले. जिंकलेल्या माणसाला आठशे मुलांसमोर हरावं लागतं यात न्याय कुठला? बायकोच्या हातात ओळंबा देऊन त्यांनी सगळं सांगितलं. कपाट, चेंडू, मांडवाचं भोक, चौदा अंश. ती सगळं ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आपल्या घरात तुम्ही होकायंत्र कशावर ठेवलं होतं?"

सर थांबले. उंच आणि सपाट जागा बघून ठेवलं होतं. त्यांची नजर हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, फ्रिजकडे.

बायकोने आपली जानमाज उचलली. खालचा ओरखडा गॅलरीच्या दारातून आत येत होता. एवढ्या वर्षांत सरांनी तो नीट पाहिलाच नव्हता. हमालांच्या हातून इतकी सरळ रेघ पडत नाही.

"अब्बांनी ओढली," ती म्हणाली. "आपण इथे आलो त्या वर्षी मेमध्ये आले होते ना, तेव्हा. तुम्ही शाळेत होता. गॅलरीत छत्रीचा दांडा उभा केला, हा ओळंबा लावला, आणि सुतारी दोरीने रेघ आत आणून खिळ्याने ओढली."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी. तुम्ही म्हणालात, तुझ्या अब्बांना लाकडातलं कळतं, किब्ला माझा विषय आहे."

सरांना ते वाक्य आठवलं. वाक्य त्यांचंच होतं, आवाजही त्यांचाच.

"पण ते तर इथे राहायला यायचे तेव्हा माझ्याच मागे उभे राहायचे नमाजाला. माझ्याच दिशेने."

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, जावई पुढे उभा आहे. मी मागे वाकडा उभा राहिलो तर ओळ मोडेल."

सर त्या रेघेशेजारी खाली बसले. गेला आठवडाभर ते ज्या ज्या माणसावर चिडले होते, त्यांच्यातलं आता कुणीच आठवेना. आणि ज्याच्यावर चिडावं असा एकच माणूस या खोलीत होता, त्याच्यावर चिडायची त्यांना सवय नव्हती. त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी बायकोला सांगितलं. "वाईट वाटतंय गं," ते म्हणाले. ती म्हणाली, "वाटू द्या."

अस्रची वेळ झाली. सरांनी आपली जानमाज आणून तिच्याशेजारी अंथरली आणि बाजूला उभे राहिले. "बघ, सरळ आहे का."

तिने वाकून कोपरा धरला आणि बोटभर सरकवला. "आता आहे."

नमाज झाल्यावर सरांना शनिवारचा गवंडी आठवला. त्यांनी ताबडतोब इमारतीच्या ऑफिसला फोन केला. फरशी बदलायची नाही, ते म्हणाले.

"असं कसं, सर," पलीकडचा कारकून म्हणाला. "तुमचेच नऊ अर्ज आहेत. मंजूर काम रद्द करायचं तर दहावा अर्ज लागेल. कारणासकट."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी सरांनी त्या कारकुनाला पाऊण तास सुनावलं असतं. आज त्यांनी कागद घेतला, नाव लिहिलं, फ्लॅटचा नंबर लिहिला. कारण या रकान्यापाशी थोडे थांबले. मग लिहिलं, "रेघ बरोबर आहे," आणि खाली सही केली.